काडतुसाची मान

‘थ्री नॉट थ्री’ हा शब्द महाराष्ट्रांतील ज्या घरांत कधीं बंदूक शिरली नाहीं त्या घरांतहि ठाऊक असतो. पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकें दिसलेली ती जड, लांकडी दस्त्याची रायफल. तिच्या नळीचें भोंक इंचाच्या तीनशें तीन हजारांशांएवढें, म्हणून तिचें हें नांव. परंतु तिची गोळी मायक्रोमीटरमध्यें धरून पाहिली तर ती तीनशें तीन भरत नाहीं. तीनशें अकरा किंवा तीनशें बारा भरते. यांत लबाडी कांहीं नाहीं. नळीच्या आंत गोळीला फिरकी देणारे मळसूत्री चर कोरलेले असतात. नांवांतील आंकडा त्या चरांमधल्या उंचवट्यांवरून घेतलेला आहे, आणि गोळी मात्र चरांच्या तळापर्यंत भरून गेली पाहिजे. नांव एक आणि माप दुसरें. अशा दोन-चार हजारांशांच्या फरकांवर ज्या एका छंदाचें सारें यशापयश अवलंबून असतें, त्या छंदाचा आज विचार करावयाचा आहे. एकदां उडालेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरणें, आणि त्यांतहि विशेषेंकरून तिची मान मापांत आणणें, हा तो विषय.

काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडांतील टोपी, पोटांतील दारू आणि तोंडांत घट्ट बसविलेली गोळी. बार उडाला कीं टोपी फुटून जाते, दारू जळून जाते, गोळी निघून जाते. मागें उरते ती पुंगळी. चौघांत घडविण्यास सर्वांत अवघड तीच. सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त अशा पितळेची चकती घेऊन तिची प्रथम वाटी करतात, वाटी ओढून ओढून नळी करतात, आणि मग तिला खांदा व मान काढतात. एवढें श्रम घेऊन केलेली वस्तु एका बारांतच टाकून द्यावी हें काटकसरी मनुष्यास पटत नाहीं. म्हणून ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत जुन्या ली-एन्फील्ड रायफली जतन करून त्यांनीं नेम मारणारे जे हौशी लोक आहेत, ते चांदमारी संपली कीं वांकून वांकून आपल्या पुंगळ्या वेंचतांना दिसतात. काटकसर हें एक कारण झालें. दुसरें कारण असें कीं, पुंगळी आपल्याच रायफलीच्या मापाची करून भरली, तर बाजारांतील काडतुसापेक्षां नेम पुष्कळदां अधिक चांगला बसतो.

भारतांत हा घरीं बसून करावयाचा उद्योग नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतूस तयार करण्यास येथें मनाई आहे. शिवाय आपल्याकडील नेमबाजांचीं मोठीं यशें ज्या काडतुसावर उभीं आहेत तें काडतूस पुन्हा भरतांच येत नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें आणि कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविलें, तें पन्नास मीटरवरील ‘पॉइंट टू टू’ रायफलीनें. त्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कांठांतच भरलेला असतो व घोड्याच्या आघातानें तो कांठच चेपून जातो. तेथें नवी टोपी बसविणार कोठें? तेव्हां पुढील वर्णन ज्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागीं वेगळी टोपी असते त्याचें, आणि ज्या देशांत हें काम कायद्यानें करतां येतें तेथील छंदिष्टांचें आहे.

टोप्यांतहि दोन जाती आहेत. बॉक्सर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें काढलेल्या टोपीसाठीं पुंगळीच्या बुडांत मधोमध एकच छिद्र असतें, त्यांतून कांटा घालून जुनी टोपी सहज ढकलतां येते. बर्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें काढलेल्या जातींत मध्यभागीं पितळेचाच एक उंचवटा आणि बाजूंस दोन बारीक छिद्रें असतात. तेथें कांटा चालत नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रजाची टोपी अमेरिकेंत रूढ झाली आणि अमेरिकनाची टोपी इंग्रजी लष्करांत. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून चालत असलेल्या दारूगोळा कारखान्याच्या पुंगळ्यांवर ‘के’ व ‘एफ’ हीं इंग्रजी अक्षरें असत, आणि अशा लष्करी पुंगळ्या जगांतील अनेक देशांतल्या जुन्या पेट्यांतून अजून निघतात. परंतु त्या बर्डन जातीच्या असल्यामुळें पुन्हा भरणारा त्यांच्या वाटेस सहसा जात नाहीं.

आतां मानेकडे वळूं. बार उडतो त्या क्षणीं पुंगळीच्या आंत चौरस इंचास सुमारें ४९,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब होतो. पितळेच्या पातळ भिंतीला हा दाब सोसणें शक्यच नाहीं. तो सोसतें नळीचें पोलाद. पुंगळीचें काम एवढेंच कीं, फुगून त्या पोलादाला सर्व बाजूंनीं चिकटावें आणि वायूला मागें येऊं देऊं नये. दाब ओसरला कीं ती केसभर आखडते, म्हणून ती बाहेर निघूं शकते. फुगावें पण फाटूं नये, आणि मग थोडें मागें यावें, हे तिन्ही गुण पितळेंत एकत्र सांपडतात. मात्र ‘थोडें मागें’ म्हणजे पूर्वस्थितीला नव्हे. पूर्वीं मान जेवढी होती तेवढी ती पुन्हा होत नाहीं. नवी गोळी तिच्या तोंडाशीं धरली तर ती अडखळल्यावांचून पोटांत घसरते. ती गोळी धरून ठेवण्याइतकी मान पुन्हा लहान करावी लागते. मराठींत ‘मान आवळणें’ म्हटलें तर भलताच अर्थ निघतो, पण कामाचें वर्णन तेंच आहे.

हें करण्याच्या रीति दोन. सबंध पुंगळी एका पोलादी सांच्यांत, म्हणजे कारागीर ज्याला डाय म्हणतात त्यांत, दाबून ती अंग, खांदा आणि मान यांसह नव्या काडतुसाएवढी करावयाची ही पहिली. अंगाला व खांद्याला हात न लावतां फक्त मान आवळावयाची ही दुसरी. पहिली रीति सरळ दिसते. तशी भरलेली पुंगळी त्या जातीच्या कोणत्याहि रायफलींत जाते. मग दुसरीचा खटाटोप कशाला? याचें उत्तर ज्या थ्री नॉट थ्रीपासून आपण आरंभ केला तिच्याच इतिहासांत आहे.

हें काडतूस १८८८ चें. तेव्हां त्यांत काळी दारू भरीत. १८९१ पासून तिच्याऐवजीं कॉर्डाइट आलें. कॉर्डाइट भुकटीसारखें नसतें; शेवयांसारख्या लांब कांड्यांची ती जुडी असते, आणि ती जुडी पुंगळीच्या अरुंद मानेंतून आंत जात नाहीं. म्हणून कारखान्यांत आधीं सरळ नळीसारख्या पुंगळींत कांड्या ठेवीत आणि मग, दारू आंत असतांनाच, तिला खांदा व मान काढीत. आज घरीं बसून मानेचे हजारांश मोजणाऱ्या माणसाला ही हकीकत ऐकून अंगावर कांटा येतो, परंतु कोट्यवधि काडतुसें अशींच झालीं. त्या कारखान्यांना एकच गोष्ट साधावयाची होती: कोठल्याहि देशांत केलेलें काडतूस कोठल्याहि रायफलींत, चिखलानें बरबटलेलें असलें तरी, बसलें पाहिजे. म्हणून रायफलींत काडतूस बसण्याचें जें घर, ज्याला चेंबर म्हणतात, तें सढळ मापाचें ठेवलें. सैनिकाला पुंगळी पुन्हा भरावयाची नव्हती.

हें सढळ घरच छंदिष्टाच्या मुळावर येतें. थ्री नॉट थ्रीचें काडतूस बुडाच्या कांठावर अडून बसतें, खांद्यावर नव्हे. त्यामुळें खांद्याच्या पुढें रिकामी जागा राहते. बार उडाला कीं पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून घराच्या भिंतींना घट्ट चिकटतो, आणि बुडाचा भरीव भाग दाबानें मागें सरकून बोल्टवर आपटतो. पुढचा भाग हलत नाहीं, मागचा सरकतो. मधली भिंत ताणली जाते. ली-एन्फील्डच्या बोल्टला पेलणारे दांते मागच्या बाजूस असल्यामुळें बार होतांना बोल्टहि किंचित् लवतो व हा ताण आणखी वाढतो. एवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु घरीं आणल्यावर ती पुंगळी पहिल्या रीतीनें सबंध दाबली, खांदा पुन्हा मागें ढकलला, कीं पुढच्या बारीं तोच ताण त्याच जागीं पुन्हा बसतो. बुडाच्या थोडें वर आंतल्या बाजूनें भिंत पातळ होत जाते, बाहेरून एक फिकट चकचकीत वळें दिसूं लागतें, आणि एके दिवशीं बुड एकीकडे व अंग दुसरीकडे होतें. कांहीं पुंगळ्या तीन-चार बारांतच अशा तुटतात. तुटलेला पुढचा भाग घरांत अडकून बसला तर तो काढीपर्यंत रायफल निरुपयोगी. आणि तप्त वायु मागें आला तर त्याच्या वाटेंत नेमबाजाचा चेहरा असतो. डोळ्यांना जाड कांचेचा चष्मा लावल्यावांचून बार उडवूं नये हा नियम म्हणूनच आहे.

दुसऱ्या रीतीचें महत्त्व आतां सहज कळेल. पहिल्या बारानें पुंगळी त्या रायफलीच्या घराचा हुबेहूब ठसा झालेली असते. खांदा जेथवर जावयाचा तेथवर गेलेला असतो. तिच्या अंगाला न छेडतां मानच तेवढी आवळली, तर पुढच्या बारीं ताणायला जागाच उरत नाहीं. ती खांद्यावर टेकते आणि बुड जागच्या जागीं राहतें. उरतो तो पहिल्या बाराचा ताण. त्यावर जुन्या नेमबाजांची एक युक्ति आहे: नव्या काडतुसाच्या बुडाच्या कांठापुढें रबराचें एक बारीक कडें चढवावयाचें, म्हणजे पहिल्या बाराच्या वेळीं पुंगळी बोल्टला टेकून राहते आणि फुगते ती पुढच्या बाजूस. दहा पैशांच्या रबरी कड्यानें जें साधतें तें पुष्कळदां महागड्या हत्यारांनीं साधत नाहीं.

आतां हत्यारांविषयीं. यांतलें सर्वांत जुनें आणि आपल्या घरांत शोभेल असें हत्यार अडकित्त्याच्या आकाराचें आहे. अमेरिकेंतील न्यू हेवन गांवीं जॉन बार्लो यानें १८८४ मध्यें ‘आयडियल’ नांवाचा कारखाना काढून तें विकावयास आरंभ केला. १९२५ सालीं हा धंदा लायमन कंपनीकडे गेला व त्याच घाटाचें हत्यार पुढें ‘३१०’ या आंकड्यानें प्रसिद्ध झालें. दोन पात्यांच्या मध्यें सुपारीच्या जागीं पुंगळी, आणि एका पात्यांत बसविलेला लहानसा सांचा. हाताच्या जोरानें सबंध पुंगळी दाबणें शक्य नसल्यामुळें हा अडकित्ता फक्त मानच आवळतो. जी गोष्ट आज विचारपूर्वक निवडावी लागते ती आजोबांच्या काळीं नाइलाजानें घडत असे!

दुसरें हत्यार रिचर्ड ली यांचें. १९५८ सालीं त्यांनीं आपल्या घरच्या कर्मशाळेंत छर्र्यांच्या काडतुसांसाठीं एक सुटसुटीत संच केला, आणि पुढें रायफलीच्या काडतुसांसाठींहि तसे संच निघाले. एक जाड पोलादी नळी, एक कांटा, एक दांडा आणि मोगरी, एवढाच पसारा. पुंगळी नळींत घालून मोगरीनें ठोकली कीं मान आवळली जाते. खिशांत मावतें, यंत्र लागत नाहीं, शिकावयास अर्धा तास पुरतो. दोष म्हणाल तर दोन: ठोकाठोकीनें शेजारी त्रासतात, आणि नळीचें माप कारखान्यानें ठरवून दिलेलें असतें, तें कमीजास्त करतां येत नाहीं. नवशिक्याला तरीहि याहून चांगला गुरु नाहीं, कारण प्रत्येक क्रिया त्याच्या हाताखालून जाते.

यंत्रांत बसविण्याचे सांचे तीन प्रकारचे मिळतात. साध्या सांच्यांत मान आधीं गरजेपेक्षां अधिक आवळली जाते, आणि पुंगळी बाहेर ओढतांना आंतील दांडीवरची पोलादी गुंडी मानेंतून खेंचली जाऊन ती हव्या त्या मापाइतकी पुन्हा रुंद करते. सांचा असा कां करतात? पितळेची जाडी कारखान्यागणिक निराळी असते. सगळ्यांना एकच सांचा चालावा म्हणून हा द्राविडी प्राणायाम. त्यांत पितळ दोनदां वळविलें जाते, म्हणजे दुप्पट लवकर कडक होतें. शिवाय कोरड्या मानेंतून गुंडी खेंचतांना किंकाळीसारखा आवाज येतो आणि मान एका अंगास ओढली जाऊन वांकडी होते. वांकड्या मानेंत बसलेली गोळी नळीच्या अक्षाला तिरकी सुटते. मानेच्या आंतून ग्रॅफाइटची पूड बारीक कुंचल्यानें फिरविली तर हा दोष बराच कमी होतो. स्वस्त सांचा घेणाऱ्यानें एवढा कुंचला अवश्य घ्यावा.

दुसऱ्या प्रकारांत सांच्याच्या पोटांत पोलादाचा एक बदलतां येणारा बुश असतो. हे बुश एकेका हजारांशाच्या अंतरानें मिळतात. येथें मात्र गणित करावें लागतें, आणि तें तिसरींतल्या मुलाला यावें इतकें सोपें आहे. समजा, गोळी तीनशें अकरा हजारांश आहे आणि मानेच्या पितळेची जाडी चौदा. दोन्ही बाजू धरून अठ्ठावीस मिळविले कीं गोळी बसविलेल्या मानेचा बाहेरील व्यास तीनशें एकोणचाळीस होतो. गोळी धरण्यासाठीं त्यांतून दोन वजा करावे. तीनशें सदतीसचा बुश घ्यावा. मात्र कागदावर बेरीज करून समाधान मानूं नये. गोळी बसविलेल्या पांच-सहा काडतुसांच्या माना प्रत्यक्ष मोजाव्या आणि त्यांवरून आंकडा ठरवावा, कारण एकाच पेटींतल्या पुंगळ्यांची जाडीहि सारखी नसते. पितळ दाबल्यावर किंचित् उसळतेंहि. वापरून कडक झालेली पुंगळी नव्या पुंगळीपेक्षां जास्त उसळते. यास्तव एक बुश घेऊन भागत नाहीं. त्याच्या खालच्या आंकड्याचाहि एक जवळ असावा. बुशचा दोष असा कीं, तो मानेला बाहेरून गुळगुळीत करतो, त्यामुळें जाडीतला उणेअधिकपणा सारा आंतल्या बाजूस जातो, जेथें गोळी बसावयाची असते तेथें.

तिसरा प्रकार कॉलेटचा. हाहि ली यांच्याच कारखान्याचा. लेथवर काम केलेल्यांना कॉलेट ठाऊक असतें: उभे काप दिलेली पोलादी नळी, जिचीं बोटें बाहेरून दाबलीं कीं आंतील वस्तु सर्व बाजूंनीं सारखी पकडली जाते. या सांच्यांत मानेच्या आंत मापाची गुळगुळीत दांडी जाते आणि बाहेरून कॉलेटचीं बोटें मान त्या दांडीवर दाबतात. मानेचा आंतला व्यास ठरवितें ती दांडी. पितळ जाड असो वा पातळ. पितळ घासलें जात नाहीं, लांबत नाहीं, तेलपाणी लागत नाहीं. थ्री नॉट थ्रीच्या नानाविध कारखान्यांतून आलेल्या कमीजास्त जाडीच्या पुंगळ्यांसाठीं हाच प्रकार सर्वांत हितावह वाटतो, आणि किंमतींतहि तो बुशच्या सांच्यापेक्षां हलका पडतो. दोन गोष्टी मात्र संभाळाव्या. यंत्राचा दांडा किती जोरानें दाबावा हें आंकड्यानें सांगतां येत नाहीं, हाताला कळावें लागतें. एकदां दाबून, पुंगळी थोडी फिरवून, पुन्हा एकदां दाबली तर मान चोहोंकडून सारखी होते. आणि सांच्यांत पुंगळी नसतांना दांडा कधींहि जोरानें दाबूं नये. तसें केलें तर कॉलेटचीं बोटें आंत मिटून तेथेंच अडकतात, आणि पुढची पुंगळी बिचारी त्या मिटलेल्या मुठीवर चेपते. पहिल्या आठवड्यांत ही चूक न करणारा विरळा.

मान पुरेशी आवळली कीं नाहीं याची परीक्षा साधी आहे. गोळी बसविलेल्या काडतुसाची लांबी मोजावी, गोळीचें टोंक मेजाच्या लांकडावर अंगठ्याच्या जोरानें दाबावें, आणि पुन्हा मोजावें. लांबी कमी झाली तर मान सैल आहे. ली-एन्फील्डच्या पेटींत दहा काडतुसें राहतात. प्रत्येक बाराच्या धक्क्यानें उरलेल्यांच्या गोळ्या पुढच्या भिंतीवर आपटतात. सैल मानेंतून गोळी मागें पोटांत सरकली तर दारूला जागा कमी पडते आणि दाब भलताच वाढतो. उलटपक्षीं, घट्ट म्हणजे चांगली असें समजून चार-पांच हजारांशांनीं मान आवळणारेहि असतात. त्यानें पकड वाढत नाहीं; गोळी बसतांना मानच फांकते आणि पितळ विनाकारण थकतें. पुंगळीची एकंदर लांबीहि मोजीत जावी. थ्री नॉट थ्रीची ती दोन इंच दोनशें बावीस हजारांशांपेक्षां अधिक होतां कामा नये. अधिक झाली तर तिचें तोंड घराच्या पुढच्या कांठांत चिमटतें व गोळी सुटण्यास अडथळा होतो.

पितळ थकतें म्हणजे काय होतें हें पुण्याच्या तांबट आळींतून गेलेल्या माणसास निराळें सांगावयास नको. तांबट हंडा मठारतो तेव्हां प्रत्येक ठोक्यासरशीं धातु कडक होत जातो. कडकपणा फार झाला कीं भांडें चिरेल, म्हणून घडवितांना तो तें मधून मधून भट्टींत घालून नरम करतो. मान फुगणें आणि आवळणें हे ठोकेच आहेत. पांच-सात वेळां तें घडलें कीं मान आवळूनहि उसळून पूर्ववत् होऊं लागते, आणि अखेर तिला उभी चीर पडते. म्हणून मानेला मधून मधून ताव द्यावा लागतो. पुंगळी ज्योतींत फिरवून मान व खांदा एवढाच भाग क्षणभर तापवावयाचा. बुडाला मात्र उष्णता लागतां कामा नये. बुड नरम झालें तर तें पुढच्या बारीं दाब सोसणार नाहीं, आणि तो प्रसंग मान चिरण्यासारखा क्षुल्लक नव्हे. जुने लोक पुंगळ्या पाण्याच्या ताटांत उभ्या करून वरून ज्योत फिरवीत, तें याचसाठीं. लाल रसरशीत होईपर्यंत तापविलेली मान इतकी मऊ होते कीं ती गोळी धरीतच नाहीं.

मानेच्या चिरांचा एक जुना वृत्तांत आपल्याच देशांतला आहे. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यांत लष्कराच्या हालचाली मंदावत, आणि काडतुसें कोरड्या ऋतूपर्यंत घोड्यांच्या तबेल्यांत ठेवून देत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्या तों न उडविलेल्या काडतुसांनाहि चिरा पडलेल्या. कोणी हात लावला नाहीं, ठोकलें नाहीं, तरी पितळ आपोआप फाटलें! या रोगाचें कारण १९२१ सालीं मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनीं उलगडून दाखविलें. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया वायु आणि ओढून घडविलेल्या पितळेंत कोंडून राहिलेला ताण, हीं दोन एकत्र आलीं कीं पितळ चिरतें; दोहोंपैकीं एक काढून टाकलें तर चिरत नाहीं. मंद ताव देऊन तो कोंडलेला ताण घालविणें हा त्यावरील उपाय ठरला. पितळेचीं भांडीं चकचकीत करणाऱ्या कांहीं बाजारी औषधांत आजहि अमोनिया असतो. पुंगळ्या त्यांनीं घांसूं नयेत.

येथवर दुसऱ्या रीतीचें कौतुक झालें, पण तिलाहि मर्यादा आहेत. ती फक्त हातानें बोल्ट ओढावयाच्या रायफलीला चालते. आपोआप भरणाऱ्या रायफलीला सैल बसणारी पुंगळीच लागते. तसेंच, एका रायफलींत उडालेली पुंगळी तिच्याच मापाची झालेली असते. दोन ली-एन्फील्ड एकाच वर्षीं एकाच कारखान्यांत झालेल्या असल्या तरी एकीची पुंगळी दुसरींत जाईलच असें नाहीं. म्हणून रायफलीगणिक वेगळा डबा, आणि डब्यावर रायफलीचा नंबर. शिवाय चार-सहा बारांनंतर अंगहि फुगत फुगत घराला इतकें घट्ट होतें कीं बोल्ट मिटतांना जोर लागूं लागतो. तेव्हां एकदां पहिल्या रीतीचा सांचा काढावाच लागतो. परंतु तो अगदीं तळापर्यंत न बसवितां खांदा एक-दोन हजारांशच मागें जाईल इतका वर ठेवावा. असें केलें तर ताणाचा पूर्वींचा दोष येत नाहीं.

अमेरिकेंत मेजावर रायफल टेकवून शंभर-दोनशें यार्डांवर एकाच छिद्रांत पांच गोळ्या घालण्याचे जे सामने होतात, त्यांत या प्रश्नावर पुष्कळ काथ्याकूट झाला. डॉ. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनीं १९७५ सालीं ‘सिक्स पीपीसी’ नांवाचें एक आंखूड काडतूस त्या सामन्यांसाठींच सिद्ध केलें. त्याच्या रायफलींत मानेचें घर इतकें बेताचें ठेवतात कीं पुंगळीची मान लेथसारख्या हत्यारावर तासून सारख्या जाडीची केल्यावांचून काडतूस आंत जातच नाहीं. मान मोठी होण्यास जागाच नसल्यामुळें आवळण्याचें कामहि थोडेंच उरतें. या मंडळींत पूर्वीं फक्त मान आवळणाऱ्यांचा पक्ष जोरांत होता. अलीकडे मात्र पुष्कळ जण सबंध पुंगळीच, पण अगदीं किंचित्, दाबतात, कारण त्यांच्या मतें बोल्ट प्रत्येक वेळीं सारखा मिटणें हें अधिक मोलाचें. त्यांचें म्हणणें त्यांच्या घट्ट, अचूक घराच्या रायफलींपुरतें खरें आहे. युद्धासाठीं सैल घराची केलेली थ्री नॉट थ्री हातीं असलेल्या माणसानें त्यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

राहिली शेवटची तपासणी. ती प्रत्येक भरण्याच्या आधीं करावयाची, आणि तिला लागणारें हत्यार कागद अडकविण्याच्या तारेच्या टांचणीपासून घरींच होतें. टांचणी सरळ करून तिचें टोंक काटकोनांत वांकवावें व कानशीनें टोंकदार करावें. तें पुंगळींत घालून बुडापासून वर, आंतल्या भिंतीला घासत ओढावें. भिंत निरोगी असेल तर टोंक विनाअडथळा सरकतें. बुडाच्या थोडें वर एखाद्या खांचेंत तें अडकलें, तर बाहेरून वळें दिसो वा न दिसो, ती पुंगळी संपली. अशी पुंगळी भंगाराच्या डब्यांत तशीच टाकीत नाहींत. पक्कडीनें तिची मान चेपून मग टाकतात, म्हणजे ती कोणाच्या हातीं लागून चुकून पुन्हा भरली जात नाहीं.